खाडाखोडीला गुण नाहीत

इंग्रजी साहित्याच्या पदवीचं पुढे काय करायचं, यावर चर्चासत्र भरलं की एक गृहस्थ हमखास बोलावलेले असतात. ते उद्योगक्षेत्रातले असतात, घाईत असतात आणि त्यांचं वाक्य ठरलेलं असतं : पोरांना शेक्सपिअर येतो, पण साधी ई-मेल लिहिता येत नाही. सभागृहात हशा पिकतो. प्राध्यापकही हसतात. मग जेवणाच्या सुट्टीनंतर साहित्याच्या एखाद्या पेपरच्या जागी ‘कम्युनिकेशन स्किल्स’ आणावं, असा ठराव सौम्य शब्दांत पुढे येतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अशा ठरावांना क्रेडिटचं बळही मिळालं आहे.

या वादातल्या इतर पक्षांसाठी मला फार वेळ खर्चायचा नाही. साहित्यानं माणूस संवेदनशील होतो म्हणून ते शिकवावं, असं म्हणणाऱ्यांनी एखाद्या साहित्य विभागाची कार्यभारवाटपाची बैठक बघावी. इंग्रजी साहित्य म्हणजे मेकॉलेनं मागे ठेवलेलं ओझं, असं मानणारे १८३५च्या पुढे यायला तयार नसतात; मधल्या काळात विंदा करंदीकर, विलास सारंग, भालचंद्र नेमाडे यांनी इंग्रजी शिकवत शिकवत मराठी लिहिण्याची रीत बदलली, हे त्यांच्या हिशेबात येत नाही. उरतात ते कौशल्यवाले. त्यांचं म्हणणं इतकं वाजवी वाटतं की ते तपासायचं राहूनच जातं.

तर त्या गृहस्थांचं वाक्य तपासू. त्याचा उत्तरार्ध खरा आहे. पूर्वार्ध मात्र साफ खोटा आहे, आणि सगळी गफलत तिथेच होते. पोरांना शेक्सपिअर येत नाही. त्यांना येतो तो शेक्सपिअरवरचा गाइडमधला मजकूर : हॅम्लेटची दिरंगाई, मॅकबेथची महत्त्वाकांक्षा, प्रत्येकी पाच मुद्दे, शेवटी ‘अशा प्रकारे’. स्पेशल इंग्रजी घेऊन तीन वर्षं काढलेल्या आणि नाटकाचं मूळ पुस्तक कधी हातात न धरलेल्या विद्यार्थ्याला पहिला वर्ग मिळू शकतो. तो आळशी असतो असं नाही. झेरॉक्सच्या दुकानातून घेतलेल्या नोट्स तो पहाटे उठून पाठ करतो, परीक्षेत त्या उतरवतो, पुरवण्या जोडतो. त्याच्या कष्टांत वाचन नसतं आणि लेखनही नसतं. उतरवणं असतं.

मग कौशल्याचा पेपर आणून काय साधतं? तिथेही औपचारिक पत्राचा साचा पाठ केला जातो, अर्जाची सुरुवात आणि शेवट पाठ केला जातो, आणि मुलाखतीला कसं बसावं यावर, चेष्टा नाही, लेखी टीप लिहिली जाते. परीक्षा तीच, पुरवणी तीच, उतरवणंही तेच. हॅम्लेटच्या जागी तक्रारअर्ज आला, एवढाच बदल. म्हणजे रोग जिथला तिथे ठेवून फक्त रोग्याचं नाव बदललं. साहित्य हटवल्यावर ई-मेल आपोआप जमेल, ही समजूत येते कुठून, हे मला खरोखर कळलेलं नाही. तीन वर्षांत ज्याचं एकही वाक्य कुणी ‘हे पुन्हा लिहून आण’ म्हणून परत केलं नाही, त्याला ई-मेल जमणार नाही आणि रसग्रहणही जमणार नाही. दोन्ही न जमण्याचं कारण एकच आहे.

साहित्य आणि लेखन ही दोन खाती आहेत, हा समज काही आपण शोधलेला नाही. अमेरिकेत हार्वर्डनं १८८५च्या सुमारास नवागतांसाठी निबंधलेखनाचा वेगळा वर्ग काढला, आणि तेव्हापासून तिथे लेखनाचे शिक्षक खालच्या मजल्यावर नि साहित्याचे वरच्या, अशी वाटणी रुळत गेली. इंग्लंडमध्ये चित्र थोडं वेगळं दिसतं. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता देत आणि वाटेल ते लिहून आणायला सांगत. नावाचा आधार सुटल्यावर चांगले चांगले वाचक कसे चाचपडतात, हे त्यांच्या १९२९च्या पुस्तकात आहे. १९७०मध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन यांनी सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा पहिला विद्यार्थी होता इयन मॅक्युअन. तोही मुळात साहित्याच्या एम.ए.लाच होता, अभ्यासाच्या एका भागाऐवजी स्वतःचं कथालेखन देण्याची मुभा त्याला मिळाली होती. वाचणं आणि लिहिणं तिथे एकाच टेबलावर होतं.

आपल्याकडे टेबलच नव्हतं. १८५७मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, आणि त्या वेळचं लंडन विद्यापीठ ही मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होती. शिकवणार महाविद्यालयं, तपासणार विद्यापीठ. शिकवणाऱ्याला प्रश्न माहीत नाहीत आणि तपासणाऱ्याला विद्यार्थी माहीत नाही. वसाहतीचा वारसा शोधायचाच असेल तर तो पाठ्यपुस्तकात शोधू नये, वेळापत्रकात शोधावा. शेली काढून दलित आत्मकथनांची इंग्रजी भाषांतरं लावली, चांगलं केलं. पण त्यांच्यावरही तीन तासांत चार प्रश्न सोडवायचे असतील तर महिनाभरात त्यांचंही गाइड निघतं. निघालंही.

म्हणून साहित्य की कौशल्य, हा भेद मला बिनकामाचा वाटतो. कामाचा भेद दुसराच आहे : एकदा लिहिणं आणि पुन्हा लिहिणं. आपली सगळी व्यवस्था पहिल्याच खर्ड्याची परीक्षा घेते. ‘खाडाखोड करू नये’ ही शाळेपासूनची ताकीद एम.ए.पर्यंत आपला पिच्छा पुरवते. पण भाषेत विचार होतो तो खाडाखोडीतच. इथे अतिशयोक्ती होते आहे, याची मला जाणीव आहे. काही विचार डोक्यातही होत असतील. तरी लिहिलेल्या वाक्याकडे परत जाऊन ‘मला हे म्हणायचं नव्हतं’ असं ओळखण्याची जी क्षमता आहे, ती पाठांतरानं येत नाही आणि साचा भरूनही येत नाही.

साहित्य लागतं ते इथे. डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ घ्या. तिच्या शेवटावर आपल्याकडे टीप विचारली जाते. ‘नायक-नायिकेची पुनर्भेट’ असं लिहून विद्यार्थी मोकळा होतो. पण डिकन्सनं आधी वेगळा शेवट लिहिला होता. त्यात पिप आणि एस्टेला लंडनच्या रस्त्यात क्षणभर भेटतात आणि आपापल्या वाटेनं जातात. बुलवर-लिटन या कादंबरीकार मित्रानं तो वाचून बदलण्याचा सल्ला दिला, आणि १८६१मध्ये कादंबरी छापली गेली ती पडक्या वाड्याच्या बागेतली भेट घेऊन. पुढच्या आवृत्त्यांत शेवटच्या वाक्यातले शब्दही डिकन्सनं पुन्हा हलवले. हे दोन्ही शेवट वर्गात शेजारी शेजारी ठेवा आणि एवढंच विचारा : तुम्ही कोणता ठेवला असता, आणि तो ठेवल्यावर मागची कोणती प्रकरणं खोटी पडतात? या प्रश्नाचं उत्तर गाइडमध्ये मिळणं अवघड. ज्या मुलीनं ते एकदा प्रामाणिकपणे लिहिलं, खोडलं आणि परत लिहिलं, तिला शेवट हा निर्णय असतो हे कळलेलं असतं. तिच्या ई-मेलचा शेवटही ती दोनदा वाचेल.

‘द वेस्ट लँड’चं तर काय सांगावं. एम.ए.ला ती वर्षानुवर्षं आहे आणि आधुनिकता, मिथक, निष्फळ भूमी या तीन शब्दांवर ती पारही पडते. १९२२च्या त्या कवितेचे खर्डे १९७१पासून छापील मिळतात. सुरुवातीला बॉस्टनमधल्या एका रंगेल रात्रीचा लांबलचक भाग होता. तो एलियटनं स्वतःच काढला. चौथा भाग दीर्घ होता. एझरा पाउंडनं कापत कापत तो दहा ओळींवर आणला. पानांवर पाउंडच्या रेघा आणि शेरे स्पष्ट दिसतात. या कवितेचा मोठेपणा कापण्यात किती आणि लिहिण्यात किती, हे ती पानं बघितल्याशिवाय कसं शिकवायचं? तरीही ती कुणी वर्गात आणत नाही, कारण त्यांच्यावर प्रश्न येत नाही.

यावर कुणी ‘कोसला’ पुढे करतं : ती तर थोड्या दिवसांत झपाट्यानं लिहून झाली म्हणतात, कुठे होती खाडाखोड? असेलही. प्रश्न नेमाड्यांचा नाही, टी.वाय.च्या शेवटच्या बाकावरच्या मुलीचा आहे. शिवाय त्या पिढीला लघुनियतकालिकं होती, एकमेकांचं लिखाण निर्दयपणे फाडणारे मित्र होते. विद्यापीठानं न दिलेला वर्ग त्यांनी बाहेर भरवला. आजच्या मुलांकडे त्या जागी यंत्र आहे, आणि ते पहिला खर्डा क्षणात, विनम्र आणि निर्दोष देतं. गंमत अशी की कौशल्याचे पेपर जे शिकवणार होते, नेमकं तेच यंत्रानं आधी उचललं. उरलं ते समोरचा गुळगुळीत मजकूर वाचून ‘हे मला म्हणायचं नव्हतं’ असं ठरवणं.

शिक्षक कुठून आणायचे, ही अडचण मात्र खरी आहे. जून २०१२पासून नेट परीक्षेचा तिसरा पेपरही वस्तुनिष्ठ झाला. म्हणजे साहित्य शिकवण्याची पात्रता मिळवताना त्या परीक्षेत आता एक वाक्यही लिहावं लागत नाही. शंभरांच्या वर्गात प्रत्येकाचे तीन खर्डे तपासणं अशक्य आहे, हेही मान्य. मग एका सत्रात एकच पान द्यावं. पण ते दोनदा लिहायला लावावं, दोन्ही प्रती जोडून घ्याव्यात आणि गुण द्यावेत ते पहिलीपासून दुसरीपर्यंतच्या अंतराला. मॉडरेशनमध्ये हे बसणार नाही, असं परीक्षा विभाग म्हणेल. त्याला सांगावं की गठ्ठ्याचं वजन पूर्वीइतकंच भरेल, फक्त पुरवण्यांच्या जागी खर्डे असतील.