गर्भिणी, साथ आणि दोष

गरोदरपणी कोविड पुन्हा झाला तर दोष कोणाचा, हा प्रश्न वैद्यकाइतकाच धर्मविचाराचाही आहे. इंदूरचे स्नेहलतागंज असो की पुण्याची एखादी पेठ, मराठी घरांत त्याची दोन उत्तरे तयार असतात: प्रारब्ध, नाहीतर सुनेचा हलगर्जीपणा. पहिल्याने सगळेच सुटतात, दुसऱ्याने ती एकटी अडकते.

पहिल्या संसर्गाने किंवा लसीने आलेली प्रतिकारशक्ती पुन्हा लागण होण्यापासून दरवेळी वाचवत नाही. आजाराची तीव्रता मात्र बरीच कमी करते. त्यामुळे दुसरी खेप बहुधा सौम्य जाते. तरी गरोदरपण ही मुळातच जोखमीची अवस्था. या काळातल्या कोविडशी अकाली प्रसूतीचा संबंध आढळला आहे, आणि डेल्टाच्या दिवसांत मृत बाळ जन्मण्याचे प्रमाणही वाढले होते. बाळाला गर्भातच लागण होणे दुर्मीळ. २०२० मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयाने तसे एक उदाहरण नोंदवले.

दोषाबाबत आयुर्वेदातली चरकसंहिता घरातल्या वडीलधाऱ्यांपेक्षा उदार आहे. तिच्या शारीरस्थान या भागात गर्भाला घातक आहारविहार सांगितले आहेत, हे खरे. पण गर्भिणीला काठोकाठ भरलेल्या तेलाच्या भांड्यासारखे जपावे, हा उपदेश तिला नसून तिची काळजी घेणाऱ्यांना आहे. विमानस्थानातला जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे साथीने प्रदेश उजाड होण्याचा, अध्याय याहून पुढे जातो. ज्यांची प्रकृती, आहार, वय सारेच वेगळे, ती माणसे एकाच रोगाने एकाच वेळी का मरतात? कारण वायू, जल, देश आणि काळ सर्वांना सारखेच असतात. ते बिघडतात अधर्माने, आणि त्याची सुरुवात देशाच्या व नगराच्या प्रमुखांपासून होते. दैवालाही तिथे अखेरचा शब्द नाही. दुबळे दैव पुरुषार्थाने मागे सारता येते. हवेतून पसरणाऱ्या रोगाला हा विचार नेमका लागू पडतो, कारण एकाच घरात श्वास कोणालाच वेगळा घेता येत नाही.

पुरुषार्थाचे साधन म्हणजे लस भारतात १६ जानेवारी २०२१ पासून मिळू लागली. चाचण्यांत गर्भवतींचा समावेश नव्हता, म्हणून लसीकरणातूनही त्यांना वगळले गेले. परवानगी आली २ जुलैला, दुसरी लाट ओसरल्यावर. आयसीएमआरच्या पाहणीत त्या लाटेतल्या बाधित गर्भवती व बाळंतिणींमध्ये मृत्यूचे प्रमाण ५.७ टक्के होते. पहिल्या लाटेत ०.७ टक्के. हा दोष कुठल्याही सुनेच्या माथी मारता येत नाही.