पितळी पेला आणि आत्मविश्वास

चित्रकलेचा विषय निघाला की आपल्या सुशिक्षित घरांतील पुष्कळ माणसे ‘आमच्या हातात कला नाही’ असे सांगून मोकळी होतात. या उद्गारास विनय समजण्याची रीत आहे. आम्हांस त्यात एक नैतिक प्रश्न दिसतो. आत्मविश्वास कार्याच्या आधी असावा लागतो, की कार्यातून निपजतो?

भंडारा हे पितळी भांड्यांसाठी नावाजलेले गाव. पोलादी भांड्यांनी तो धंदा मागे सारला, तरी पितळेचा पेला तेथील घरांना परका नाही. असा पेला शाळकरी मुलापुढे ठेवून पाहावा. तळ सपाट बसतो हे त्यास ठाऊक असते, म्हणून तो तेथे सरळ रेघ ओढतो. तोंड गोल आहे हे ठाऊक असते, म्हणून पूर्ण वर्तुळ काढतो. वस्तुतः किंचित वरून पाहता दोन्ही कडा लंबवर्तुळाकार दिसतात, आणि तळाची कड तोंडाच्या कडेहून अधिक फुगीर असते. मुलाने पाहिलेले काढले नाही, जाणलेले काढले.

तोच पेला त्याने दहा वेळा काढला, तर हात सुधारतो हे खरेच. पण त्याआधी दृष्टी सुधारते. ‘माझे चित्र कसे दिसेल?’ ही चिंता मागे पडून ‘ही कड कोठे वळते?’ हा प्रश्न पुढे येतो. भीतीचे मूळ स्वतःकडे पाहण्यात असते. वस्तूकडे पाहू लागताच ते सुटते.

पुनरावृत्तीने घोकंपट्टी वाढते, असा आक्षेप कोणी घेईल. तो निराधार नाही. कालचेच चित्र गिरवणारा काही शिकत नाही. त्याचा धीटपणा पेला आडवा करताच ढासळतो. म्हणून प्रत्येक वेळी चित्राकडे नव्हे, पेल्याकडे परतले पाहिजे. बोलोन्याचे चित्रकार ज्यॉर्ज्यो मोरांदी (१८९०–१९६४) यांनी त्याच त्या बाटल्या व सुरया आयुष्यभर रंगविल्या. त्या त्यांना संपल्या नाहीत.

पत्र्यावर ठोक्यामागून ठोका घालणारा भांड्यांचा कारागीर ‘माझ्या हातात कला आहे काय?’ असे विचारीत बसत नाही. प्रत्येक ठोक्यानंतर तो भांड्याकडे पाहतो. आत्मविश्वास म्हणून आपण ज्याचा गौरव करतो, तो बहुधा अशा निष्ठेने पाहण्याचाच परिणाम होय. मुलांना ‘तुला येईल’ असा धीर देण्यापेक्षा ‘पुन्हा पाहा’ असे सांगणे आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते.