अडुळशाची मात्रा

अडुळशाची पिकली पानं वाफवून पिळली की हिरवट, कडू रस निघतो. तो मधातून चाटवला की छातीतला कफ सुटतो, हे मराठी घरांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. याच पानांतल्या व्हॅसिसिनवरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन घडवलं, आणि आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ते नाव छापलेलं असतं. तेव्हा वनस्पती आणि आधुनिक औषध यांच्यात वैर मानण्याचं कारण नाही. मात्र अडुळशाचं हे काम कफ पातळ करण्याचं आहे, विषाणू मारण्याचं नव्हे. फ्लू किंवा कोविडसारख्या आजारांत वनस्पतींना पूरक उपचाराचं स्थान मिळावं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच लक्षणाला उतार पडणं आणि रोग हटणं यांत गल्लत होऊ नये, असा माझा आग्रह आहे.

२०२० साली ही गल्लत सर्रास झाली. प्रयोगशाळेतल्या बशीत एखाद्या अर्काने विषाणू रोखला की दुसऱ्या दिवशी तो ‘कोरोनावरचा उपाय’ ठरे. बशीतल्या पेशी आणि आजारी माणूस यांत किती अंतर असतं, हे क्विनीनच्या कुळातल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने दाखवून दिलं. बशीत ते विषाणूला अडवत होतं, पण ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत दीड हजारांवर रुग्णांना दिल्यावर मृत्यू कमी झाले नाहीत. हळदीचा हिशोब तर घरीच करून पाहावा. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के, म्हणजे तीन ग्रॅमच्या चमच्यात ९० मिलिग्रॅम. १९९८च्या एका भारतीय प्रयोगात निरोगी माणसांना एकदम दोन ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे बावीसएक चमचे हळदीतलं, नुसतं दिलं तरी ते रक्तात जेमतेम सापडलं. मिऱ्यातल्या पिपेरिनची जोड दिल्यावर पातळी बरीच वाढली, हे खरं. पण रक्तात उतरणं म्हणजे फुप्फुसातल्या विषाणूवर मात करणं नव्हे. हळदीचं दूध घशाला बरं वाटतं म्हणून जरूर प्यावं, त्याच्या भरवशावर ताप अंगावर काढू नये.

यावर कुणी म्हणेल, हजारो वर्षांचा अनुभव खोटा का? खोटा नाही, पण अनुभवाला जे दिसतं तेच कळतं. कफ सुटलेला तासाभरात दिसतो. आठवड्यात आपोआप बरी होणारी सर्दी काढ्याने बरी झाली की तशीच, हे एकट्या घराला कळू शकत नाही. शिवाय मात्रा, काळ आणि प्रकृती पाहिल्याशिवाय औषध देऊ नये, हे आयुर्वेदच सांगतो. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे वाक्य त्याचं नव्हे. २०२०च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. वेल दुसऱ्या जातीची असू शकते, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. तो खरा धरला तरी प्रश्न उरतोच: पुडीत नेमकी कोणती वेल आहे, हे घेणाऱ्याला कसं कळावं?

पेटंट मिळत नाही म्हणून वनस्पतींवर कुणी पैसा लावत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. तिचं उत्तर सरकारी पैशाने केलेल्या चाचण्या. सप्तपर्ण, कुटकी, किराईत आणि सागरगोटा यांची ‘आयुष-६४’ ही गोळी मूळची मलेरियासाठीची. कोविडकाळात लखनौ, वर्धा आणि मुंबईत नेहमीच्या उपचारांच्या जोडीला देऊन ती तपासली गेली आणि सौम्य ते मध्यम आजारात रुग्ण लवकर सावरल्याचं दिसलं. पण गोळी कोणाला मिळते आहे हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे तेवढ्याने निकाल लागला असं म्हणता येत नाही. वाट मात्र योग्य आहे. तीच गोळी आता मोठ्या संख्येने, दोघांनाही न कळता दिली जावी आणि निकाल काहीही लागला तरी छापला जावा. तोवर वाचकांना एकच विनंती: डॉक्टरांनी ‘काय काय औषधं घेता?’ असं विचारलं, तर काढा आणि गुळवेलही न विसरता सांगा.