पहारा आणि साक्षित्व

संगणकांच्या जाळ्याच्या वेशीवर बसवलेले सुरक्षा-उपकरण, ज्याला व्यवहारात फायरवॉल म्हणतात, बाहेरून एकसंध दिसले तरी आतून ते अनेक मॉड्यूलांचे, म्हणजे स्वतंत्रपणे सुरू, बंद वा अद्ययावत करता येणाऱ्या सॉफ्टवेअर-घटकांचे बनलेले असते. एक घटक पत्ते पाहून माहितीला वाट देतो किंवा अडवतो, दुसरा तिच्या पोटात शिरून घातक मजकूर शोधतो, आणि हे घटक जागे आहेत की निपचित पडले आहेत यावर आणखी एक यंत्रणा लक्ष ठेवते. या शेवटच्या यंत्रणेपाशी एक जुना दार्शनिक प्रश्न उभा राहतो: पाहणाऱ्याला पाहणारा कोण? त्याच्यावरही कोणी हवा असेल तर साखळीला अंतच उरत नाही. तर्कशास्त्र या दोषाला अनवस्था म्हणते.

अभियंत्यांनी यावर व्यावहारिक तोडगा काढला आहे. प्रत्येक घटकाने ठरावीक अंतराने आपण चालू असल्याचा संकेत द्यायचा, ज्याला हार्टबीट म्हणतात, आणि तळाशी 'वॉचडॉग टायमर' नावाचा एक साधा गणक ठेवायचा, जो मुदतीत संकेत न मिळाल्यास उपकरण पुन्हा सुरू करतो. हा गणक काहीही जाणत नाही. साखळी थांबते खरी, पण ती ज्ञानापाशी नव्हे, तर अजाण परंतु भरवशाच्या यंत्रापाशी थांबते.

धाराशिव जिल्ह्यातील परंडा भुईकोट किल्ल्यासाठी प्रसिद्ध असले, तरी या प्रश्नाच्या दृष्टीने त्याचे मोल एकोणिसाव्या शतकात तेथे राहिलेल्या हंसराजस्वामींमुळे अधिक आहे, कारण शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'लघुवाक्यवृत्ति' या प्रकरणावर, म्हणजे वेदान्तातील एखादाच विषय मांडणाऱ्या छोट्या ग्रंथावर, त्यांनी मराठीत विस्तृत टीका लिहिली. मूळ प्रकरणाचे प्रतिपादन असे की, विस्तवावर तापलेले पाणी अंगाला चटका देते पण उष्णता विस्तवाचीच असते, त्याचप्रमाणे बुद्धी विषय उजळते तो प्रकाश चैतन्याचा असतो. या चैतन्याला साक्षी म्हणतात. ते बुद्धीला प्रकाशित करते, परंतु त्याला प्रकाशित करायला दुसरे काही लागत नाही, म्हणजेच ते स्वयंप्रकाश आहे. अनवस्था येथे खऱ्या अर्थाने मिटते, कारण दिवा पाहण्यासाठी दुसरा दिवा कोणी लावत नाही.

याच प्रकरणात एक विलक्षण दृष्टान्त येतो: माळेतील दोरा मण्यांखाली झाकलेला असतो आणि दोन मोत्यांच्या मधल्या जागेत दिसतो, तसे चैतन्य दोन विचारांच्या मधल्या क्षणात स्पष्ट होते. उपकरणाची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. दोन हार्टबीटमधला अवकाश हा त्याच्या आंधळेपणाचा काळ असतो. त्या अवधीत एखादा घटक कोसळला तर पुढचा संकेत चुकेपर्यंत ते कळत नाही. यंत्राला जाग संकेतांमधून येते, साधकाला ती संकेतांच्या विरामात गवसते, आणि हा फरक ध्यानात न घेता निरीक्षण-यंत्रणेला सरसकट साक्षीची उपमा देणे ही चूक ठरते.

दुसरा भेद कर्तृत्वाचा आहे. सिस्को कंपनीच्या एएसए उपकरणात मॉड्यूलाला माहितीची केवळ नक्कल दाखवून त्याला काहीही अडवू न देण्याची सोय होती. साक्षीशी बाह्यतः सर्वाधिक मिळतीजुळती अवस्था हीच. तरीही असे मॉड्यूल उपकरणातून काढून टाकता येते, जशी मलिक-ए-मैदान ही अजस्र तोफ 1632 मध्ये परंड्याहून विजापूरला नेता आली. जे आणता व नेता येते त्याला वेदान्त उपाधी म्हणतो. साक्षी मात्र काढता येत नाही, कारण काढल्याचे भानही त्याच्याच प्रकाशात होणार.

व्यवस्थापनाचा भार अखेर बुद्धीवरच राहतो. तपासणीचे मॉड्यूल बंद पडले तर माहिती न तपासता जाऊ द्यायची, की सारी वाहतूक रोखायची, हे उपकरणात आधीच ठरवून ठेवावे लागते. पहिल्या पर्यायात काम चालू राहते आणि संरक्षण जाते, दुसऱ्यात संरक्षण राहते आणि काम थांबते. एखाद्या रुग्णालयाच्या जाळ्यात हा पर्याय निवडणारा माणूस रुग्णांच्या जिवाचाच विचार करत असतो, आणि त्याने तो मन लावून केला की घाईत उरकला, हे त्याच्या साक्षीला सारख्याच स्पष्टपणे दिसते; तो साक्षी मात्र त्याचा हात धरत नाही.