प्रोटॉनहून सूक्ष्म

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. तिचे कार्य समजून घ्यायचे तर आधी अणूत डोकवावे लागते.

अणूच्या मध्यभागी प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचे केंद्र असते, भोवती इलेक्ट्रॉन. अणूचे जवळजवळ सारे वस्तुमान त्या केंद्रात एकवटलेले. आणि केंद्राचा व्यास मात्र अणूच्या व्यासाहून हजारो पटींनी लहान. उरलेली बहुतेक पोकळीच म्हणाना! आपले हाडामांसाचे शरीरही याच पोकळीचे बनले आहे, याचा विचार केला की अहंकार जरा वरमतो. प्रोटॉनच्या आत पुन्हा क्वार्क आहेतच.

या वेधशाळेला परस्परांशी काटकोनात असलेले चार-चार किलोमीटरांचे दोन बाहू असतील. गुरुत्वलहर आली की एक बाहू किंचित ताणला जातो, दुसरा आखडतो. किती? अशा उपकरणांना प्रोटॉनच्या रुंदीच्या दहाहजाराव्या भागाएवढा बदलही टिपता यावा लागतो. अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर प्रथम टिपली.

एवढे सूक्ष्म ऐकायचे तर जवळचे कंप वगळावे लागतात. मालमोटार, ट्रॅक्टर, माणसाची पावले, सारा ‘गोंगाट’! म्हणूनच शांत भूमी शोधावी लागते. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने हे वगळणे प्रामाणिकपणाच आहे; त्याविषयी माझी तक्रार नाही.

प्रश्न आहे तो तुमचा-माझा. दूरचे ऐकण्यासाठी जवळचे वगळण्याची ही रीत माणसांच्या बाबतीत आपण कोणत्या अधिकाराने वापरतो? दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीला कुटुंबेच्या कुटुंबे निघतात, शाळकरी मुलांसह. त्यांच्या पावलांचा कंप आपल्या चर्चांत, आपल्या प्रार्थनांतही, कितीसा नोंदला जातो? यंत्राला गोंगाट कोणता हे आधी ठरवून द्यावे लागते. आपल्याला ते कोणी ठरवून दिले?

त्याच औंढ्याची एक आख्यायिका आहे. नामदेवांच्या कीर्तनाने पूजेत व्यत्यय येतो म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना देवळामागे घालवले. नामदेव तेथेच गात राहिले. तेव्हा देऊळ फिरले आणि त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, असे तेथील माणसे सांगतात.