नायकाला मरण्याचा अधिकार

गोष्ट कशी संपावी हा प्रश्न आपण सहसा गोष्ट सांगणाऱ्यावर सोपवून मोकळे होतो. तो त्याचा धंदा, त्याने पाहावे. परंतु गोष्ट संपल्यावर श्रोता जेव्हा ‘हे असे व्हावयास नको होते’ असे म्हणतो, आणि नुसते म्हणून थांबत नाही, तर चारचौघांत तावातावाने भांडू लागतो, तेव्हा प्रश्न केवळ कलेचा उरत नाही. तो हक्काचा होतो. ज्याच्यावर आपण वर्षानुवर्षे माया केली, त्याने केव्हा आणि कसे संपावे हे ठरविण्याचा आपल्याला काही अधिकार असतो काय? या प्रश्नाचे उत्तर देताना माणूस नायकाविषयी थोडे आणि स्वतःविषयी फार बोलून जातो, असा अनुभव आहे.

अलीकडे हा प्रश्न जगभर उभा केला तो जेम्स बाँड या इंग्रज गुप्तहेराने. इयान फ्लेमिंगने १९५३ साली कादंबरीत त्याला जन्म दिला. १९६२ साली ‘डॉ. नो’ या चित्रपटातून त्याची पडद्यावरची मालिका सुरू झाली. आणि २०२१ साली, ‘नो टाइम टु डाय’ या मालिकेतील पंचविसाव्या चित्रपटाच्या अखेरीस, तो मेला. मधल्या एकोणसाठ वर्षांत सहा नटांनी ही भूमिका केली. नट थकले, निवृत्त झाले; बाँड मात्र थकला नाही. आपल्याकडच्या एखाद्या घरात आजोबांचा बाँड शॉन कॉनरी, वडिलांचा रॉजर मूर आणि नातवाचा डॅनियल क्रेग. आणि तिघांनाही आपापला तोच खरा वाटावयाचा. असा हा तीन पिढ्यांना पुरून उरलेला माणूस एका निर्जन बेटावर, आपल्याच देशाच्या क्षेपणास्त्रांच्या माऱ्यात संपला. मारा करावयास सांगणाराही तोच होता.

मुंबईच्या उपनगरांत या शेवटाची कथा थोडी चमत्कारिक घडली. भारतात हा चित्रपट ३० सप्टेंबर २०२१ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा करोनामुळे महाराष्ट्रातील चित्रगृहे बंद होती. ती उघडली २२ ऑक्टोबरला. तीही निम्म्याच खुर्च्या भरावयाच्या या अटीवर. तीन आठवडे अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या चाहत्यांनी करावयाचे काय? चित्रपट येण्याआधी त्याच्या शेवटाची वार्ता आली. आधी तेरावे आणि मग मरण, असा उलटा क्रम झाला. अनेकांनी पडद्यावर काय घडते हे पाहण्यापूर्वीच ते घडावयास हवे होते की नको, हे ठरवून टाकले होते. लक्ष्मीपूजन त्या वर्षी ४ नोव्हेंबरला होते. म्हणजे दारी आकाशकंदील लागण्याच्या सुमारास हे मरण आपल्याकडे येऊन पोहोचले.

भांडणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत. दोघांचेही म्हणणे नीट ऐकून घेण्याजोगे आहे.

पहिला पक्ष म्हणतो, हा विश्वासघात आहे. बाँड हा माणूस नव्हेच. तो सणासारखा आहे. सणाला वय नसते. गेल्या वर्षीची दिवाळी म्हातारी झाली म्हणून यंदाची काठी टेकत आली, असे कधी होत नाही. दोन-तीन वर्षांनी तो यावा, त्याने जग वाचवावे आणि कोटावरची धूळ झटकून निघून जावे, एवढाच आमचा त्याच्याशी करार. मराठी वाचकाला हा करार समजावून सांगण्याची गरज नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांतला झुंजार किंवा काळापहाड हाती घेताना ‘हा आज मरणार तर नाही ना?’ अशी धास्ती कोणाला वाटत होती? संकटातून तो सुटणार हे ठाऊक होते, म्हणूनच संकट गोड लागत होते. विलायतेतही हेच झाले. शेरलॉक होम्सचा कंटाळा येऊन कॉनन डॉइलने १८९३ साली त्याला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यात लोटले. वाचक असे खवळले की पुढे १९०३ साली तो मेलाच नव्हता असे लिहून त्याला परत आणावे लागले. खुद्द फ्लेमिंगनेही १९५७ च्या कादंबरीच्या शेवटी बाँडला विषप्रयोगाने जमिनीवर कोसळविले आणि पुढच्याच वर्षीच्या कादंबरीत पुन्हा उभे केले. मग हा नवा खेळ कशासाठी? आणि तोही कोणत्या वर्षी? ज्या वर्षी घराघरांत खरी मरणे झाली, त्या वर्षी दोन घटका विसरावे म्हणून चित्रगृहात जावे, तर तेथेही मरणच?

हा शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे. त्याच्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, हेच योग्य झाले. २००६ साली ‘कसिनो रॉयाल’पासून क्रेगचा बाँड सुरू झाला, तेव्हाच सांगणाऱ्यांनी गोष्टीची जात बदलली होती. हा बाँड पहिल्यापासून घायाळ होत होता. ज्या स्त्रीवर जीव जडला ती व्हेनिसमध्ये त्याच्या डोळ्यांदेखत बुडाली. २०१२ च्या ‘स्कायफॉल’मध्ये त्याची वरिष्ठ अधिकारी, जवळजवळ त्याची आईच, त्याच्या हातांत गेली. पाच चित्रपट मिळून एकच आयुष्य सांगितले जात होते. आणि आयुष्य म्हटले की त्याला शेवट आलाच.

म्हणजे मूळ भांडण असे आहे: ही सणाची गोष्ट की आयुष्याची? सणाची गोष्ट वर्तुळासारखी फिरते. आयुष्याची गोष्ट रस्त्यासारखी पुढे जाते. दोन्ही प्रकार चांगलेच. पण श्रोत्याला एकाचे आमंत्रण देऊन दुसऱ्याच्या पंगतीला बसविणे हे बरे नव्हे. या बाबतीत चित्रपटकर्ते अगदी निर्दोष आहेत असे मला म्हणवत नाही. तेच नाव, तोच क्रमांक, तेच संगीत अशी जुनी पाटी दारावर ठेवून त्यांनी आत नवा संसार मांडला होता. ज्यांनी फक्त पाटी वाचली, त्यांची तक्रार सर्वस्वी खोटी नाही.

परंतु पहिल्या पक्षाला मला एक प्रश्न विचारावासा वाटतो. बाँड एवढी वर्षे अमर राहिला, तो कोणाच्या जिवावर?

१९६९ साली पडद्यावरच्या बाँडने लग्न केले. लग्नाच्याच दिवशी, गाडीत बसलेली त्याची बायको गोळी लागून मेली. दोन वर्षांनी पुढचा चित्रपट आला आणि नायक पुन्हा पहिल्यासारखा मोकळा! २००६ साली ज्या स्त्रीसाठी तो नोकरी सोडावयास निघाला, ती बुडाली. हा योगायोग नव्हे. ही त्या गोष्टीची व्यवस्था आहे. ज्याने दर खेपेस जसाच्या तसा परत यावयाचे आहे, त्याला संसार परवडत नाही. त्याच्या जिवाला जीव देणारे कोणी उरले, तर पुढच्या वेळी तो उंच कड्यावरून उडी टाकताना क्षणभर थबकेल. आणि थबकला की सण मोडला. म्हणून जो कोणी त्याच्या फार जवळ येईल त्याला गोष्टीतून काढून टाकावयाचे. नायकाच्या अमरत्वाची किंमत प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणीतरी भरली. आपण प्रेक्षकांनी ती पाहिली, थोडे हळहळलो आणि पुढच्या चित्रपटाची तिकिटे काढली.

२०२१ साली प्रथमच ही किंमत त्याने स्वतः भरली. त्याला आपली लहान मुलगी सापडली होती. शत्रूने त्याच्या अंगात असे विष भिनविले की त्याच्या स्पर्शाने ती मुलगी आणि तिची आई, दोघी मराव्यात. बेटावरचा विषाचा कारखाना नष्ट करावयाचा, तर क्षेपणास्त्रे पोहोचेपर्यंत तेथील दारे उघडी राहावयास हवी होती. ती उघडण्यासाठी जखमी बाँड मागे फिरला. तो वाचता, तरी त्या दोघींना पुन्हा कधी जवळ घेऊ शकला नसता. या वेळी माय-लेकींना मारून नायकाला वाचविण्याऐवजी गोष्टीने नायकाला मारून त्यांना वाचविले. जो मरूच शकत नाही तो काही पणालाही लावू शकत नाही. त्याचे धाडस म्हणजे हरण्याची सोय नसलेला जुगार. एकोणसाठ वर्षांत बाँडने जग अनेकदा वाचविले असेल, परंतु त्याग म्हणावा असा हाच.

आता त्या जड आक्षेपाकडे येतो. हा चित्रपट करोनापूर्वी, २०१९ साली चित्रित झालेला. आपल्यावर काय ओढवणार आहे याची त्याला कल्पना असणे शक्य नव्हते. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये तोंडाला मुखपट्टी बांधून, शेजारची खुर्ची मोकळी सोडून बसलेल्या उपनगरातल्या प्रेक्षकाला, ‘मी जवळ आलो तर माझे माणूस मरेल’ हे वाक्य समजावून सांगावे लागले नसेल. दीड वर्ष आपण तेच जगत होतो. नातवंडे आजीला दारातून हात हलवीत होती. रुग्णालयात गेलेले माणूस घरी परतले नाही आणि शेवटचे दर्शनही झाले नाही, अशी घरे प्रत्येकाच्या ओळखीत होती. खऱ्या मरणाने आपल्याकडून जी एक गोष्ट हिरावून घेतली होती ती म्हणजे निरोप. पडद्यावरच्या या मरणात निरोप होता. बिनतारी यंत्रावरून तो तिच्याशी अखेरपर्यंत बोलतो. मागे राहिलेले सहकारी एकत्र जमतात, त्याच्या नावाने पेले उचलतात. नंतर ती बाई गाडी चालविता चालविता मुलीला एक गोष्ट सांगू लागते. त्या गोष्टीतल्या माणसाचे नाव असते बाँड. विस्मरण हवे म्हणून गेलेल्याला ते मिळाले नाही, हे खरे. पण विस्मरण ही एकच गरज होती असे कोण म्हणेल?

आपल्या परंपरेने तर अवतारालाही मरण नाकारले नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण ज्या कृष्णाच्या पराक्रमासाठी अभ्यंगस्नान करतो, तो कृष्ण पुढे जरा नावाच्या व्याधाच्या बाणाने गेला. ही कथा ठाऊक असूनही कारिटे फोडताना कोणाचा हात अडखळत नाही. शेवट कळल्याने पराक्रम फुकट जात नाही. मराठी रंगभूमीही हे जाणते. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले; बालगंधर्वांची सिंधू प्रयोगाच्या शेवटी मरत होती, आणि लोक डोळे पुशीत घरी जाऊन पुन्हा पुढच्या प्रयोगाला येत होते. भूमिका परत येते. माणूस परत येत नाही. ‘नो टाइम टु डाय’च्या अगदी शेवटीही जेम्स बाँड परत येईल अशी नेहमीची ओळ झळकते. काहींना ती थट्टा वाटली. मला ती प्रामाणिक वाटते: नाव परत येईल, क्रमांक परत येईल, मुलीला न शिवता गेलेला तो माणूस मात्र गेला.

हा भेद पडद्यावर समजणे सोपे, घरात समजणे फार कठीण. प्रत्येक घरात एक अमर माणूस असतो. तो न थकता उठतो, न चुकता करतो, आणि त्याच्यावाचून सण होत नाही. चकली दर वर्षी तशीच कुरकुरीत हवी, अनारशाला जाळी तशीच पडावयास हवी. आणि ‘तुझ्यासारखे कोणाला जमत नाही’ या कौतुकात त्या माणसाला पुढची वीस वर्षे चुलीपाशी बांधून ठेवण्याचा डाव असतो, हे कौतुक करणाऱ्यालाही कळत नसते. तिने एखाद्या वर्षी ‘यंदा मला होणार नाही’ म्हटले, तर घरातला सूर त्या पहिल्या पक्षासारखाच दुखावलेला लागतो: हे असे व्हावयास नको होते! आपण माणसाला सण करून ठेवलेले असते. त्याच्या गुडघ्यांना, डोळ्यांना, कंटाळ्याला आपल्या गोष्टीत जागाच नसते.

तेव्हा मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे. गोष्ट सांगणाऱ्याने केवळ धक्का देण्यासाठी कोणाला मारू नये, आणि गोष्टीची जात बदलावयाची असेल तर श्रोत्याला तशी चाहूल द्यावी. एवढी अपेक्षा धरण्याचा आपल्याला हक्क आहे. रागावण्याचा आहे, पुढचा चित्रपट न पाहण्याचाही आहे. परंतु ‘तू मरू नकोस, कारण मला तुझी सवय झाली आहे’ असे म्हणण्याचा हक्क प्रेमातून मिळत नाही. तो सवयीचा आवाज आहे. प्रेमाने त्याला आपले नाव उसने दिलेले असते.

फराळाच्या ताटाभोवती हा वाद यंदाही निघाला तर अवश्य भांडावे. भांडण्याजोगा विषय आहे. फक्त बाँड मरावयास हवा होता की नको हे ठरविण्यापूर्वी, ताटातल्या चकल्या कोणी तळल्या, आणि त्या तळताना कोणी तिच्या शेजारी उभे होते काय, एवढे विचारून घ्यावे.