गोळी न झाडण्याचे शिक्षण

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका असतो अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा. दहा मीटरवरून तो कोणत्याच डोळ्याला दिसत नाही. नेमबाजाला दिसते ती रायफलवरच्या साइटच्या कड्यात मधोमध आणायची काळी चकती. पिस्तुलात तर डोळ्याला निवडच करावी लागते. जवळचे आणि दूरचे एकाच वेळी स्पष्ट दिसत नाही, म्हणून पुढची साइट स्वच्छ ठेवायची आणि लक्ष्य धूसर राहू द्यायचे. ज्यावर नेम धरायचा तेच अंधुक पाहायला मुलाला शिकवले जाते. या खेळात नजर तीक्ष्ण होते असे आपण समजतो. खरे तर तिला शिस्त लागते.

कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी या शिस्तीचा अभ्यास केला. निष्णात खेळाडूची नजर शेवटच्या हालचालीआधी योग्य जागी लवकर स्थिरावते आणि नवख्यापेक्षा जास्त वेळ टिकते, असे त्यांना आढळले. ही ‘शांत नजर’ शिकवता येते. हालचालींच्या समन्वयात अडचण असलेल्या मुलांना कधी आणि कुठे पाहायचे हे शिकवल्यावर त्यांचे चेंडू झेलणे सुधारले, असे पुढच्या संशोधनात दिसले.

म्हणून ‘अभ्यासात लक्ष लागत नाही, रायफल क्लबला घाला’ हा सल्ला बरोबर ठरतो का? माझ्या मते नाही. एका कामातला सराव दुसऱ्या कामाला आपोआप उपयोगी पडत नाही, हे मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ मध्येच दाखवले होते. बुद्धिबळातही हेच दिसते: निष्णात खेळाडू खऱ्या डावातली मांडणी क्षणात लक्षात ठेवतात. सोंगट्या वाटेल तशा मांडल्या की त्यांची ही आघाडी जवळजवळ नाहीशी होते. रेंजवर कमावलेली एकाग्रताही गणिताच्या वहीपर्यंत आपल्या पायांनी चालत जाणार नाही.

तिला तिथवर नेता येईल, पण ते काम मोठ्यांचे. स्पर्धेत ६० गोळ्यांसाठी ७५ मिनिटे मिळतात. रायफल डळमळली, श्वास चुकला, तर ती खाली घेऊन पुन्हा सुरुवात करण्याइतका वेळ त्यात असतो. आपले लक्ष ढळले आहे हे स्वतःच ओळखणे आणि हात आवरणे, हाच या खेळातला सर्वांत मोलाचा धडा आहे. ‘मघाशी रायफल खाली घेतलीस, तेव्हा काय जाणवले?’ असे प्रशिक्षकाने विचारले आणि घाईत उत्तर खरडणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकांनी त्याची आठवण करून दिली, तरच तो धडा वर्गात पोचेल.

नेमाच्याच दुसऱ्या खेळात, २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनमध्ये तिरंदाजीची जगज्जेती झाली. तिचे यश अभिमानाचेच आहे. पण अशा यशाकडे पाहून आठ-दहा वर्षांच्या मुलांमागे गुणफलक घेऊन लागलो, तर हा धडाच हातचा जाईल. गुणांच्या धाकाने मूल डळमळता नेमही सोडून मोकळे होते. सुरुवातीला महागड्या रायफलीचीही गरज नाही. लगोरी आणि गोट्यांतही नेम आहे, थांबणे आहे. सराव संपल्यावर किती गुण झाले याआधी किती वेळा थांबलास हे विचारू लागलो, तर पदक न मिळवणाऱ्या असंख्य मुलांनाही नेमाच्या खेळांतून आयुष्यभर पुरेल असे काही मिळेल.